पैसे देतो एक, वाचतो दुसरा, बघतो तिसरा

लहान मुलांच्या चित्रपुस्तकाला तीन माणसं लागतात. एक ते विकत घेतो, दुसरा मोठ्यानं वाचून दाखवतो आणि तिसरा मांडीवर बसून चित्रं बघतो. या तिसऱ्याच्या खिशात दमडी नसते, त्याला अजून धड वाचता येत नाही, आणि पुस्तक मात्र त्याच्यासाठी केलेलं असतं. कादंबरीकाराला ही भानगड नसते, कारण त्याच्याकडे हे तिघं एकाच माणसात असतात. मी गोष्टी लिहिते आणि त्यांची चित्रंही काढते. या कामात जे अडतं, बिनसतं किंवा अचानक जमून येतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा या तिघांमधली ओढाताण असते. कलामहाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली अधूनमधून वह्या घेऊन घरी येतात आणि काय काय सांभाळायचं ते विचारतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे एकत्र लिहिते आहे. क्रमाला फार अर्थ नाही.

१. चित्रात दिसतंय ते वाक्यात लिहू नये

आई "राजू आंब्याच्या झाडावर चढला" एवढं वाचून होईपर्यंत मुलानं झाड, राजू, राजूची लोंबणारी नाडी, फांदीवरचा सरडा आणि खाली वर बघत बसलेला कुत्रा असं सगळं बघून टाकलेलं असतं. वाचणाऱ्याचे डोळे अक्षरांवर असतात, बघणाऱ्याचे चित्रावर. मग "लाल सदरा घातलेला राजू हिरव्यागार झाडावर चढला" हे वाक्य नेमकं कुणासाठी? लाल आणि हिरवं मुलाला केव्हाच दिसलंय.

मी आधी मजकूर पूर्ण लिहून घेते, मग चित्रांचे कच्चे आराखडे करते आणि त्यानंतर मजकुराला पुन्हा हात घालते. त्या फेरीत पहिली जातात ती विशेषणं. मग "तो हसला", "तिला राग आला" अशी चेहऱ्यावर दिसणारी वाक्यं जातात. उरतं ते चित्रात काढता न येणारं: आवाज, वास, काल काय झालं, कोण काय म्हणालं.

याच्या पुढची पायरी म्हणजे चित्रानं मजकुराला न सांगता काहीतरी करणं. पॅट हचिन्स या ब्रिटिश चित्रकर्तीचं 'रोझीज वॉक' हे १९६८ सालचं पुस्तक मी प्रत्येक नव्या मुलाच्या हातात देते. सबंध पुस्तकाचा मजकूर म्हणजे अवघं एक वाक्य, इंग्रजीत ३२ शब्दांचं. एक कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी येते, बस. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या मागावर एक कोल्हा आहे. तो उडी मारतो आणि दाताळ्यावर आपटतो, पुन्हा उडी मारतो आणि तळ्यात पडतो. शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. वाचणाऱ्या बाबाला ठाऊक नसलेली गोष्ट मुलाला ठाऊक असते, आणि ते ओरडायला लागतं, "अहो बाबा, मागे बघा ना!" एरवी घरात सगळं मोठ्यांना ठाऊक असतं. इथे पारडं फिरतं, आणि मुलाला त्याची जी काही मजा येते ती कितीही चांगल्या वाक्यानं देता येणार नाही.

माझ्या एका पुस्तकात अशीच एक मांजर आहे, मजकुरात तिचा उल्लेख नाही. मोठी माणसं भेटली की गोष्टीतल्या आजीबद्दल बोलतात. मुलं मांजरीबद्दल बोलतात.

स्वतः लिहून स्वतः चित्रं काढणाऱ्याचा हा मोठा फायदा असतो. स्वतःचं वाक्य कापायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याची गोष्ट चित्रांसाठी आली की हेच काम संपादकामार्फत, गोड बोलून करावं लागतं. लेखक मंडळी शब्दांच्या बाबतीत हळवी असतात. (चित्रकारही रंगांच्या बाबतीत असतात, पण ते माझ्या बाजूचे.)

२. गोष्टीआधी पानं मोजावीत

मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. छापखान्यात मोठ्या कागदावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापतात, घड्या घालतात आणि कडा कापतात. या सोळा पानांना फॉर्म म्हणायचं. म्हणून चित्रपुस्तकं १६, २४ किंवा ३२ पानांची. परदेशात ३२ पानं रुळली आहेत, आपल्याकडे किमतीपायी १६ आणि २४ जास्त. त्यातून नावाचं पान गेलं, प्रकाशकाच्या तपशिलाचं पान गेलं. २४ पानांच्या पुस्तकात गोष्टीच्या वाट्याला जेमतेम एकवीस-बावीस पानं येतात. "अजून एक पान वाढवू या का?" असं विचारणाऱ्याला छापखान्यातला माणूस ज्या नजरेनं बघतो, ती नजर एकदा बघून घ्यावी.

कोऱ्या कागदांना घड्या घालून, स्टेपलर मारून डमी करायची आणि गोष्ट तिच्यात पेन्सिलीनं वाटायची. संगणकाच्या पडद्यावर सगळी पानं एका वेळी समोर दिसतात, त्यामुळे पान उलटणं म्हणजे काय हे तिथे कळतच नाही. हातात डमी असली की कळतं की उजव्या पानाच्या पलीकडे काय आहे ते मुलाला दिसत नाहीये. दार वाजलं हे उजव्या पानावर, दारात कोण आहे ते उलटल्यावर. एवढी साधी युक्ती, पण गोष्टीचा अर्धा दम तिच्यात असतो.

मॉरिस सेंडॅकनं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये (१९६३) पानांचा हिशेब कसा केलाय ते बसून बघण्यासारखं आहे. सुरुवातीची चित्रं लहान, भोवती भरपूर पांढरी जागा. मॅक्स मनानं जसजसा घरापासून लांब जातो तसतशी चित्रं मोठी होत जातात, मजकूर खाली ढकलला जातो, आणि राक्षसांचा धुमाकूळ सुरू झाला की लागोपाठ तीन जोडपानं एकही शब्द नाही. मग चित्र पुन्हा आटतं. शेवटच्या पानावर चित्रच नाही, नुसते शब्द. त्या तीन जोडपानांवर वाचणाऱ्या मोठ्या माणसाला गप्प बसावं लागतं. मुलांच्या पुस्तकात मोठ्यांना सक्तीनं गप्प करण्याची सोय हवीच, असं माझं मत आहे.

३. घोडा येत नसेल तर घोड्याची गोष्ट लिहू नये

सेंडॅकचं हेच पुस्तक मुळात रानटी घोड्यांचं होणार होतं. सेंडॅकला घोडे काढता येईनात. मग घोड्यांच्या जागी नुसते 'वाइल्ड थिंग्ज' आले, आणि त्यांचे चेहरे सेंडॅकच्या लहानपणी ब्रुकलिनच्या घरी येणाऱ्या, गालगुच्चे घेणाऱ्या नातेवाइकांवरून आले.

माझ्या गोष्टींत मोटारी कमी आणि एसटीच्या गाड्या जास्त का, याचं उत्तर यातच आहे. पण गोष्टीला ट्रॅक्टरच हवा असेल तर मात्र शेतावर जाऊन, चारी बाजूंनी बघून काढावा. ट्रॅक्टरच्या बाबतीत पाच वर्षांच्या मुलाला फसवता येत नाही.

४. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा हात सोडवून घ्यावा

महाराष्ट्रात ज्याला म्हणून चित्रं काढता येतात, त्यानं शाळेत या दोन परीक्षा दिलेल्या असतात. त्यांनी रेघेवर ताबा येतो, रंग सपाट लावता येतो, वेळेत काम संपवायची सवय लागते. हे सगळं आयुष्यभर पुरतं. पण मेमरी ड्रॉइंगच्या तयारीत हात काही ठरावीक गोष्टी पाठ करून बसतो. जत्रेतला फुगेवाला, विहिरीवरच्या घागरी, पाठमोरी बाई आणि तिच्या कडेवरचं मूल. त्याही आधी, म्हणजे बालवाडीपासून, दोन डोंगर, मधे सूर्य, सूर्यातून निघालेली नदी आणि काठावर कौलारू झोपडी. पुढे कितीही शिकलं तरी घाई असली की हात याच वाटेला जातो. चित्र सुबक होतं आणि कुणाचंच नसतं.

यावर मला तरी एकच उपाय सापडला आहे. वही घेऊन बाहेर बसायचं. एसटी स्टँड, शाळेचं फाटक, सरकारी दवाखान्याच्या बाहेरचा बाक. मुलं कशी बसतात ते पुस्तकातून शिकता येत नाही. पाय मागे फाकवून मधे बूड टेकतात, आईच्या ओढणीच्या आत शिरून एकच डोळा बाहेर ठेवतात, पेन्सिल मुठीत धरतात, एक चप्पल घालून दुसरी हातात घेऊन चालतात.

मापंही मोठ्या माणसांसारखी नसतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या साधारण चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसाची उंची डोक्याच्या सात-साडेसात पट भरते. पाच-सहा वर्षांचं मूल मधे कुठेतरी, पाच-साडेपाच डोक्यांचं. कलामहाविद्यालयात मोठी माणसं समोर बसवून शिकल्यामुळे आपण मुलाचं चित्र काढतो तेव्हा पुष्कळदा बुटका माणूस काढतो. नेमकं काय चुकलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण ते मूल त्याला आपलं वाटत नाही.

मग रंग. कुठल्याही शाळेत चित्रकलेच्या तासाला "जरा स्किन कलर दे ना" असं कानावर येतं आणि रंगपेटीतला गुलाबट खडू या बाकावरून त्या बाकावर जातो. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात, दोघांचाही रंग त्या खडूचा नसतो. मी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणापासून सुरुवात करते आणि एकाच वर्गातली मुलं एका रंगाची होणार नाहीत एवढं बघते. कुणी विचारलं तर सांगते, पण मजकुरात त्यावर एक अक्षरही लिहीत नाही. चित्रातून नुसतं दाखवून पुढे जाता येतं, ही या माध्यमाची मोठी सोय. मजकूर म्हणतो, "सकाळ झाली." चित्रात बाबा वेणी घालतोय, आई हेल्मेट शोधतेय. त्यावर भाषण झालं असतं तर तिघांपैकी एकानंही ऐकलं नसतं.

मराठीत हे सगळं पानोपानी बघायचं तर माधुरी पुरंदरेंची पुस्तकं काढावीत. मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि मग पॅरिसमध्ये शिकलेली ही बाई 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांत घरातली माणसं आणि घरातले बारीकसारीक प्रसंग एवढ्यावरच अख्खं जग उभं करते. शब्दांशिवाय चित्र कसं वाचायचं यासाठी त्यांनी 'चित्रवाचन' केलंय. शिक्षकांसाठी ते आहेच, पण चित्रकारांनीही पारायणं करावीत असं आहे.

५. "यातून मूल काय शिकणार?"

पुस्तक प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहिलं की हा प्रश्न दिवसभर येतो. गिऱ्हाईक पुस्तक मागून उघडतं, किंमत बघतं, पानं फरफर उलटतं, "अक्षरं फारच कमी आहेत हो, दोन मिनिटांत संपेल" म्हणतं आणि शेवटी तात्पर्य शोधतं. इसापनीतीवर पोसलेली पिढी आहे. गोष्टीच्या शेपटाला बोध बांधलेला नसला की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. प्रकाशकालाही ते ठाऊक असतं, म्हणून "शेवटी एक ओळ टाका ना, खरं बोलण्याबद्दल वगैरे" अशी गळ घालणारे फोन येतात.

मी ओळ टाकत नाही. पण विकत घेणाऱ्याला नावंही ठेवत नाही. शंभर-दीडशे रुपये पुष्कळ घरांत विचार करूनच बाहेर निघतात, आणि तेवढ्यात वह्यांचा गठ्ठा येतो. स्टॉलवर वाद घालण्यापेक्षा मूल सोबत असेल तर त्याला तिथेच दोन पानं वाचून दाखवावीत आणि तिसरं पान उलटायच्या आधी थांबावं. पुढचं बोलणं मूल करतं.

किंमत आणि आकार हाही लेखक-चित्रकाराच्या विचाराचा भाग आहे, नुसत्या प्रकाशकाचा नाही. बीट्रिक्स पॉटरची पीटर सशाची गोष्ट मुळात १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेलं पत्र होती. प्रकाशकांनी ती नाकारली तेव्हा तिनं १९०१ साली पदरचे पैसे घालून २५० प्रती छापून घेतल्या. पुस्तक लहान हातांत मावेल एवढंच असावं आणि परवडावं, हा हट्ट तिनं सोडला नाही. पुढच्या वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ते काढलं, तेव्हा रंगीत चित्रांना ती तयार झाली पण आकाराला धक्का लागला नाही. आपल्याकडे जाड पुठ्ठ्याची, टेबलाएवढी पुस्तकं काढायची हौस अलीकडे वाढली आहे. ती कपाटावर झोपवून ठेवतात, कारण ती कप्प्यात मावत नाहीत आणि मुलाला उचलत नाहीत.

६. रात्री, दमल्यावर, मोठ्यानं वाचून बघावं

वाचणारा हा दिवसभर काम करून आलेला असतो. त्याचा श्वास जिथे अडखळतो तिथे वाक्य तोडावं. मराठीत आवाजाच्या शब्दांची चंगळ आहे: टुणकन, धपकन, गपकन, सुळकन. वाचणाऱ्याला त्यांनी अंगात आल्यासारखं होतं, म्हणून ते जपून, योग्य जागी वापरावेत. प्रत्येक पानावर टुणकन आलं की त्यातली उडी निघून जाते.

आणि पुस्तक मुलानं स्वतः वाचावं असं असेल तर खेळ बदलतो. जोडाक्षरं कमी, ओळीत शब्द कमी, दोन ओळींमध्ये जागा जास्त, कारण देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो आणि दाटीवाटीनं लावलेल्या ओळींत ते एकमेकांच्या अंगावर जातात. फाँट मराठी वळणाचा आहे ना, ते 'ल' आणि 'श' या दोन अक्षरांवरून तपासावं. शिक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात.

७. चित्रात अक्षरं रंगवू नयेत

नव्या मुलांना याचं आश्चर्य वाटतं. दुकानाची पाटी, शाळेचा फळा, एसटीवरचं गावाचं नाव हे सगळं हातानं छान काढायचं आणि त्यावर बंदी? कारण छपाईत आहे. रंगीत पान चार शाईंनी छापतात: निळसर सायन, गुलाबट मजेंटा, पिवळी आणि काळी. प्रत्येकीची प्लेट वेगळी. नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईची तुलिका असे प्रकाशक एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढतात. मजकूर फक्त काळ्या शाईत असेल तर भाषा बदलताना तीन प्लेटा तशाच राहतात, काळी तेवढी बदलते. पाटीवरचं 'किराणा भुसार' चारही रंगांत रंगवलं असेल तर तमिळ आवृत्तीत ते मराठीच राहणार, नाहीतर चित्र पुन्हा काढायचं.

मजकुराला जागा सोडतानाही सढळ हातानं सोडावी. तमिळ-मल्याळममध्ये शब्द लांब होतात. मराठीच्या मापानं बेतलेली चौकट तिथे फाटते.

हे पाळूनही मी एसटीवर गावाचं नाव घालतेच. वेगळ्या थरावर, काळ्यात. मुक्कामाचं गाव न लिहिलेली एसटी मला बघवत नाही.

८. छापखान्यात स्वतः जावं

पडद्यावरचा झेंडू आणि कागदावरचा झेंडू यांच्यात फार अंतर असतं. पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, कागद शाईनं. झगझगीत केशरी, पोपटी, जांभळा हे रंग चार शाईंच्या मिश्रणात बसतच नाहीत, मळकट होऊन येतात. त्यातून कागद चकचकीत आर्ट पेपर नसून साधा मॅपलिथो असेल तर तो शाई पितो आणि सगळं एक पायरी गडद दिसतं. म्हणून दसऱ्याचं चित्र करताना मी झेंडूच्या शेजारी मुद्दाम निळसर सावली ठेवते. केशरी आहे तेवढाच उठून दिसतो. हे मला एका मशीनवाल्यानं शिकवलं, महाविद्यालयानं नाही. भिंगातून ठिपके बघत त्यानं सांगितलेलं माझ्या सगळ्या पुस्तकांना पुरलं.

आणि वेगळं काही करायचं तर ते कोण, कुठे, कितीला करून देईल हे आधी विचारावं. एरिक कार्लच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'मध्ये (१९६९) सुरवंटानं खाल्लेल्या फळांना खरीखुरी भोकं आहेत आणि पानं लहानमोठ्या रुंदीची आहेत. परवडणाऱ्या भावात ते करून देणारा छापखाना अमेरिकेत मिळाला नाही, म्हणून संपादक ॲन बेनेड्यूसनं ते जपानमध्ये छापून घेतलं. कल्पना कार्लची होती, पण भोकं पडली ती बेनेड्यूसच्या चिकाटीनं. मुळात तो सुरवंटही नव्हता, साधा किडा होता. सुरवंट करू या हेही तिनंच सुचवलं. असा संपादक आयुष्यात एकदा भेटला तरी पुरे.

९. सही करण्याआधी कागद दोनदा वाचावा

चित्रकार मंडळी इथे कमालीची भोळी असतात. "पुस्तकाला पैसे देताहेत ना, मग झालं." भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि तो आपल्या बाजूनं बरंच काही सांगतो. तुम्ही कुणाच्या नोकरीत नसाल आणि चित्र कुणी पैसे देऊन काढून घेतलेलं नसेल, तर त्याचा कॉपीराइट मुळात तुमचा; पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा मात्र, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. लेखक-चित्रकार गेल्यावरही ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. म्हणून "सर्व हक्क, कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत" ही ओळ कुणी करारात घालतं तेव्हा ती उगीच घातलेली नसते.

मी कागद वाचताना हे बघते: मानधन एकरकमी की रॉयल्टी, रॉयल्टी असेल तर छापील किमतीवर की सवलत वजा करून, लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर वाटणी कशी, अनुवाद, ई-पुस्तक, ॲनिमेशन यांचं काय, आणि मूळ चित्रं परत कधी येणार. कागदावर काढलेलं चित्र ही एक वस्तू आणि ते छापण्याचा हक्क ही दुसरी. एक दिली म्हणजे दुसरी दिली असं होत नाही. एका प्रकाशनाच्या कॅलेंडरवर माझी चित्रं मला न विचारता बारा महिने झळकली. करारात 'पुस्तक' हा शब्द स्पष्ट होता म्हणून पैसे तरी मिळाले.

चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर हवं, हेही आधीच बोलून घ्यावं. आत बारीक टायपात, मुद्रकाच्या पत्त्याखाली नाव शोधायला लागू नये.

पॉटरच्या पीटरचं अमेरिकेत कॉपीराइट नोंदवायचं राहून गेलं होतं, आणि तिकडे बिनपरवाना आवृत्त्यांचा सुळसुळाट झाला. पुढे ती सावध झाली. सशाचं बाहुलं स्वतः शिवलं आणि १९०३ साली त्याची नोंदणीही करून टाकली. पुस्तकांच्या पैशातून तिनं लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेत घेतलं. व्यवहार कळला म्हणून सशातला निरागसपणा काही कमी झाला नाही.

उलट बाजूनं, काही कामं मोकळी सोडायचीही असतात. प्रथम बुक्सनं २०१५ साली स्टोरीवीव्हर सुरू केलं, तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असतात. श्रेय देऊन कुणीही त्यांचा अनुवाद करावा, त्या वापराव्यात. एखादी गोष्ट अशी सुटली की आपल्याला न येणाऱ्या भाषेत जाते, पैसे मिळत नाहीत, वाचक मिळतात. कुठली गोष्ट अशी सोडायची हे आपण ठरवून सोडावं, एवढंच.

१०. नुसत्या पुस्तकांवर घर चालत नाही

हे स्पष्ट सांगितलेलं बरं. रॉयल्टी वर्षातून एकदा येते आणि तिच्यावर अवलंबून राहावं एवढी क्वचितच असते. घर चालतं ते पाठ्यपुस्तकांची चित्रं, मासिकं, शाळांच्या कार्यशाळा आणि दिवाळी अंक यांच्यावर. गणपतीच्या आसपास फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला चित्रं "काल" हवी असतात. दिवाळी अंकाच्या कामानं एक मात्र शिकवलं, दुसऱ्याच्या कवितेला एका चित्रात उत्तर द्यायला.

बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. दोनच रंगांत, साध्या कागदावर, किती चित्रकारांनी किती तऱ्हेनं मुलं, माकडं, पाऊस आणि मास्तर काढलेत ते एकदा सलग बघावं. स्टाइल स्टाइल करणाऱ्या मुलांना मी तिकडे पाठवते. बरीचशी परत येऊन गप्प बसतात.

११. आवडलं का, असं मुलांना विचारू नये

मुलं सभ्य असतात. बाईंनी रांगेत बसवलेलं असतं, पाहुण्या लांबून आलेल्या असतात, मग "आवडलंऽऽऽ" असं एका सुरात येतं. त्यातून काही कळत नाही. त्यांच्या प्रश्नांतून थोडं कळतं. "हे तुम्ही हातानं काढलं की मोबाइलवर?" "याचे किती पैसे मिळाले?" "मांजर कुणाची आहे?" आणि एकदा, अगदी काळजीनं, "लेखक मेलेले असतात ना?"

म्हणून मी छापायच्या आधी कच्ची डमी घेऊन शाळेत जाते, शक्यतो जिल्हा परिषदेच्या आणि शक्यतो पहिली-दुसरीच्या वर्गात. चार-पाच मुलांना जवळ घेऊन बसते, वाचते आणि चित्राकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघते. कुणाचा हात पान मागे उलटायला आला तर तिथे पेन्सिलीनं बरोबरची खूण. त्या पानाला मग मी कुणालाच, संपादकालासुद्धा, हात लावू देत नाही. कुणाचा हात पुढचं पान ओढायला आला तर फुली. घरी आल्यावर फुलीच्या पानावरचं एक वाक्य काढून टाकते आणि दुसऱ्या वर्गात पुन्हा तेच पान वाचून बघते. तिथेही पान ओढलं गेलं तर मग चित्र बदलायला घेते.